बाळशाची बखर

औरंगाबादेभोवती मोगल अमदानीत जे पुरे वसले त्यांची संख्या लोकपरंपरेने बावन्न ठरवून टाकली आहे, आणि दरवाजेही बावन्नच. दप्तर उघडून ह्या आकड्यांचा हिशेब कोणी मागितला तर तो देणे अवघड जाईल, परंतु शहराच्या अभिमानाला असल्या ताळेबंदाची गरज कधीच भासलेली नाही. करणपुरा आणि पदमपुरा ह्या नावांत बिकानेरच्या राजपूत सरदारांच्या छावण्या अजून नांदत आहेत. त्याच मालिकेतला उस्मानपुरा मात्र तटाबाहेरची एक वस्ती ह्यापलीकडे फारसा कोणाच्या बोलण्यात नव्हता, आणि त्याचे भाग्य उदयाला आले ते एकोणिसावे शतक संपता संपता हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मार्ग मनमाडहून इकडे आला तेव्हा, कारण स्टेशन आणि शहर ह्यांच्या मधली जागा नियतीने नेमकी त्याच्या वाट्याला दिली होती. पुढे निजामी राजवट १९४८ साली संपली, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ह्याच परिसरात शासकीय तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय उभे राहिले. मागाहून संत एकनाथ रंगमंदिर आले, गुरुद्वारा आला, ज्योतीनगर आणि दशमेशनगर अशा वसाहती वाढल्या, आणि जुना पीरबाजार ह्या सगळ्या नव्या शेजाऱ्यांच्या गर्दीत आपली भाजीची आणि मटणाची दुकाने सांभाळीत जिथल्या तिथे राहिला.

ह्या पीरबाजारापासून भाजीवाली बाईच्या पुतळ्यापर्यंत सायंकाळी चालत गेले तर डॉक्टरांच्या आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या एकमेकींशी स्पर्धा करताना दिसतात, आणि त्यांतल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या किंवा जुन्या घरगुती डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरून बाकावर क्षणभर बसले, तर एक वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही. मराठी घरातली आजी म्हणते, ‘लेकरू काही खातच नाही हो, डॉक्टरसाहेब’. पीरबाजाराच्या गल्लीतली नानी म्हणते, ‘बच्चा कुछ खाताच नै’. आणि ज्याच्याबद्दल ही तक्रार चाललेली असते ते आठ-नऊ वर्षांचे चिरंजीव बिस्किटाचा पुडा हातात धरून वजनकाट्यावर चढतात तेव्हा काटा त्यांच्या वयाला शोभणारा आकडा ओलांडून बराच पुढे गेलेला असतो. ह्या तक्रारीला हसणे सोपे आहे, आणि पुष्कळ डॉक्टर मनातल्या मनात हसतातही. परंतु तिच्यामागे ह्या मुलखाचा दोन-तीनशे वर्षांचा अनुभव उभा आहे, आणि तो वाचल्याखेरीज मुलांच्या स्थूलतेला आळा घालण्याची कोणतीही मसलत ह्या घरांत रुजणार नाही, असे माझे मत आहे.

माणसाला तोलण्याचा सोस ह्या देशात दवाखान्यांनी आणलेला नाही. मोगल बादशहांना वाढदिवशी सोन्याने, चांदीने, रेशमाने आणि धान्याने तोलीत असत. १६१७ साली मांडू येथे जहांगीराची तुळा इंग्रज वकील टॉमस रो ह्याने प्रत्यक्ष पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. ज्या औरंगजेबाचे नाव ह्या शहराने दीर्घकाळ धारण केले, त्याने ही प्रथा पुढे स्वतःपुरती बंद केली. इकडे रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. परंतु राजेरजवाड्यांच्या तुळांहून ह्या विषयाला जवळची आहे ती गोरगरिबांची गुळाची तुळा. मूल जगावे म्हणून नवस बोलायचा, आणि ते जगले म्हणजे देवळात तराजूच्या एका पारड्यात त्याला बसवून दुसऱ्या पारड्यात त्याच्या भारंभार गूळ, नारळ किंवा ऐपत असल्यास पेढे घालायचे, ही चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. तिच्यात पोर जितके जड तितका बापाचा खर्च मोठा, आणि तितकाच आईचा आनंदही मोठा! वजन वाढणे हे दैवी कृपेचे प्रमाणपत्र आहे, ही भावना ह्या पारड्यांनी घरोघर पक्की केली. दवाखान्यातल्या काट्याकडे पाहणारी आजी आजही त्याच नजरेने पाहते.

वैद्यकशास्त्र मात्र असे एकपक्षी नव्हते. चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगितले, त्यांत अतिकृशाबरोबर अतिस्थूलही बसविला, दोघांत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली, आणि स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव ह्यांच्या जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकताही नोंदविली. शहरातल्या युनानी हकिमांच्या परंपरेतही इब्न सिनापासून अतिमेदाचा विचार झालेला आहे. पण शास्त्र ग्रंथात राहते आणि भीती घरात राहते. १८९९–१९०० च्या दुष्काळाने मराठवाड्यातली गावे ओस पाडली; पटकी, देवी आणि प्लेग ह्यांनी पाळणे रिकामे केले; अशा काळात जे मूल गुटगुटीत होते त्याच्या अंगावर हगवणीच्या आणि गोवराच्या चार दिवसांपुरती शिल्लक होती, आणि जे हडकुळे होते त्याच्याजवळ ती नव्हती. तेव्हा बाळगुटी उगाळणे, तेलाने अंग रगडणे, बाळंतिणीला अळिवाचे आणि डिंकाचे लाडू चारणे, आणि सहाव्या महिन्यानंतर मुलाच्या मागे वरणभाताची वाटी घेऊन फिरणे, हा सारा खटाटोप अडाणीपणाचा मानणाऱ्यांनी त्या काळातली मृत्यूची नोंदवही एकदा डोळ्यांखालून घालावी. आजी जे शिकली ते फार मोठी किंमत देऊन शिकली होती.

विसाव्या शतकाने ह्या जुन्या भीतीला नवे सार्वजनिक रूप दिले. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग ह्यांच्या प्रेरणेने हिंदुस्थानात शिशुसप्ताह साजरे होऊ लागले, आणि त्यांतून बालप्रदर्शनांची, म्हणजे पुढे आपल्या मंडळा-मंडळांतून रूढ झालेल्या सुदृढ बालक स्पर्धांची, प्रथा फैलावली. हेतू उदात्त होता. आयांनी मुलांना स्वच्छ ठेवावे, लस टोचून घ्यावी, दूध उकळून द्यावे, हे शिकविण्यासाठी बक्षिसाचे आमिष ठेवले होते. परंतु बक्षीस जाई ते बहुधा सर्वांत गुबगुबीत, मनगटाला आणि मांडीला वळ्या पडलेल्या बाळाला, आणि व्यासपीठावरून त्याला उचलून दाखविले की शेजारच्या बाईच्या कडेवरचे, सडपातळ परंतु सर्वस्वी निरोगी असलेले मूल तिला एकाएकी आजारी वाटू लागे. ग्लॅक्सोच्या डब्यावरील बाळ आणि मर्फी रेडिओच्या जाहिरातीतले बाळ ह्यांनी उरलेले काम केले. बाळाच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास आणि तिच्या डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी घातली खरी, पण तोवर त्या चित्राने दोन पिढ्यांच्या मनात घर केले होते.

आता दवाखान्यातल्या काट्याकडे वळू. औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले, आणि त्याचे रुग्णालय ‘घाटी’ ह्या नावाने सबंध मराठवाड्याचे आशास्थान झाले. तिथल्या बालरोग विभागाच्या दारात जी मुले येत ती कोणत्या स्थितीत येत, ह्याची कल्पना १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या वाचकांना द्यावयास नको. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी ह्यांच्यावर एका पिढीने ते वर्ष काढले. त्याच सुमारास, डेव्हिड मोर्ले ह्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने नायजेरियातल्या एका खेड्यात सिद्ध केलेले वाढीचे कार्ड आपल्या देशात येऊन पोहोचले. त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट अशी की ते कार्ड दवाखान्यात ठेवावयाचे नसून आईने घरी ठेवावयाचे होते. दर महिन्याला मुलाचे वजन घेऊन ठिपका मांडायचा, ठिपके जोडायचे, आणि रेषा वर चढते की खाली घसरते हे आईने स्वतः डोळ्यांनी पाहायचे.

ह्या पद्धतीचे मराठवाड्याच्या वेशीवरचे सर्वांत समर्थ उदाहरण जामखेडचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तिथे काम आरंभिले तेव्हा त्यांनी रुग्णालयाची भिंत ओलांडून निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले आणि शेतकऱ्यांची मंडळे काढून पुरुषांनाही त्या कामात ओढले. गावातली बाई गावातल्याच बाईच्या चुलीपाशी बसून बोलू लागली, आणि मुलांची वजने घेताना बापही हजर राहू लागले. १९७८ मध्ये आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा जगाने मान्य केला, त्यातले पुष्कळसे तत्त्व जामखेडच्या धुळीत त्याआधीच आचरणात आलेले होते.

सरकारी योजनेचा प्रवास मात्र नेहमीप्रमाणे नोंदवहीच्या दिशेने झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली; अंगणवाडीच्या आढ्याला घड्याळी तबकडीचा सॉल्टर काटा टांगला गेला, त्याच्या आकड्याला कापडी झोळी, झोळीत रडणारे पोर, आणि खाली गुडघे टेकून सुई स्थिर होण्याची वाट पाहणारी ताई, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने महाराष्ट्र पाहिला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली ठरविलेल्या श्रेणींनुसार वयाच्या मानाने अपेक्षित वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भरणारे मूल ‘साधारण’, आणि त्याच्या खाली पहिल्यापासून चौथ्यापर्यंत उतरत्या पायऱ्या. ह्या वर्गवारीकडे आज पाहिले म्हणजे तिचे एक वैशिष्ट्य डोळ्यांत भरते: खालच्या बाजूला धोक्याच्या चार रेषा होत्या आणि वरच्या बाजूला एकही नव्हती. सव्वापट भरले तरी मूल साधारणच, दीडपट भरले तरी साधारणच. आणखी असे की काटा होता, पण उंची मोजण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी नव्हती, आणि उंचीवाचून वजन हे अर्धेच वाक्य आहे. ठेंगणे मूल लठ्ठ आहे की उंच मूल यथायोग्य आहे, हे नुसत्या किलोग्रॅमवरून कोणाही धन्वंतरीला सांगता येणार नाही. त्या काळाच्या शास्त्रज्ञांना ह्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. घराला आग लागली असताना पुराचा बंदोबस्त कोणी करीत बसत नाही.

औरंगाबादेचा मान असा की वजन करण्याच्या ह्या कामाला राज्यव्यापी चळवळीचे रूप इथूनच मिळाले. औरंगाबाद जिल्ह्यातील भादली गावातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी नव्या शतकाच्या आरंभी खळबळ उडाली, तेव्हा विभागीय आयुक्त व्ही. रमणी ह्यांनी मराठवाड्यात एक मोहीम हाती घेतली, जिचा पहिला आग्रह साधा होता: प्रत्येक मुलाचे वजन झालेच पाहिजे आणि ते खरे नोंदले पाहिजे, मग तक्त्यातला कुपोषितांचा आकडा फुगला तरी चालेल. आरोग्य आणि महिला-बालकल्याण हे दोन महकमे, जे एकाच गावात एकमेकांकडे पाठ करून काम करीत असत, त्यांना तिने एका सतरंजीवर बसविले. त्या मोहिमेतून मार्च २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान जन्मास आले आणि त्याचे मुख्यालय आरंभी औरंगाबादेतच होते. दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे राज्यातील प्रमाण २००५–०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१२ च्या सर्वेक्षणात २४ टक्क्यांच्या आसपास उतरलेले आढळले. यशाचे श्रेय वाटून घेणारे हात पुष्कळ असतात, परंतु आईच्या गर्भारपणापासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ निर्णायक आहे, आणि त्या काळात काम करावयाचे ते घरात शिरून, हा बोध ह्या अभियानाने ठसविला, हे कोणी नाकारू नये.

इकडे खेड्यांत खुजेपणाशी झुंज चालू असताना उस्मानपुऱ्याच्या आसपास निराळाच इतिहास घडत होता. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, आणि १९८५ मध्ये वाळूजला आलेला बजाजचा कारखाना ह्यांनी मराठवाड्याच्या गावागावांतून तरुणांना शहरात खेचले. १९६१ साली जेमतेम लाखभर वस्तीचे असलेले गाव २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांचे महानगर झाले. १९८३ मध्ये दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया बाजारात आल्या, १९९२ च्या सुमारास केबल घरात शिरली, १९९४ नंतर परदेशी पामतेलाची आयात मोकळी झाली आणि तळलेला पदार्थ सणाचा न राहता रोजचा झाला. मैदाने भूखंड झाली, भूखंडांवर इमारती चढल्या, त्यांच्या वरच्या मजल्यांवर शिकवणीवर्ग बसले, आणि शाळेतून सुटलेले मूल पाठीवर ओझे घेऊन सहा वाजता वर्गाला आणि साडेसात वाजता, वाटेवरच्या गाड्यावर वडापाव खाऊन, दुसऱ्या वर्गाला जाऊ लागले. ह्यात बापाचा आळस किंवा आईची बेपर्वाई शोधणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ज्या माणसाच्या ताटात लहानपणी मिलोची भाकरी पडली होती, त्याच्या हाती पहिला पगार आला तेव्हा त्याने मुलापुढे लोणी, साय आणि आईस्क्रीम ठेवले, हा त्याचा इतिहासावरचा सूड होता. त्या सुडात प्रेमच होते; ते किती घातक ठरेल हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ते सांगण्याचे काम पुण्यात सुरू झाले होते. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा जो दीर्घ अभ्यास मांडला, त्यातून एक विस्मयकारक गोष्ट निघाली. ह्या गावांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, आणि इंग्लंडातील साउथँप्टनची ३.५ किलोची; आपली बाळे हाडाने, स्नायूने, यकृताने, सगळ्याने लहान, परंतु त्वचेखालच्या चरबीत मात्र फारशी कमी नाहीत. दिसायला हडकुळे आणि आतून मेदस्वी असे हे भारतीय बाळ, पुढे पोटभर मिळू लागले की मधुमेहाच्या वाटेला लवकर लागते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. युडकिन ह्यांच्यासह स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले: दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि पुणेकराच्या शरीरात २१.२ टक्के! अशा गमतीने इतके गंभीर सत्य सांगण्याची हातोटी शास्त्रज्ञांत विरळा. पुढे पुण्याच्याच जहांगीर रुग्णालयातील डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर ह्यांच्या कामाचा मोठा आधार असलेले, पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांत मुलाच्या वयानुसार वजनाधिक्याची रेषा आखताना प्रौढपणीच्या बॉडी मास इंडेक्सच्या २३ ह्या आकड्याशी आणि स्थूलतेची रेषा २७ शी जुळविली गेली. पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० ह्या रेषा आपल्या शरीराला उशिराच्या ठरतात, हे त्यामागचे कारण. कार्डाला शेवटी वरची बाजू मिळाली.

आकड्यांचे आणखी एक दालन उघडतो आणि लगेच मिटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये ४.१ टक्के झाले. आणि त्याच पाहणीत शंभरांतली पस्तीस मुले खुजी निघाली. म्हणजे जुने संकट गेले आणि नवे आले असे झालेले नसून, दोन्ही एकाच शहरात, एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात बसलेली आहेत, आणि अंगणवाडीच्या ताईला एका मुलासाठी ‘वाढवा’ व दुसऱ्यासाठी ‘आवरा’ असे एकाच दमात सांगावे लागते.

मुलाचे वजन हे एकट्या मुलाचे नसते, हे पाश्चात्त्य वैद्यकालाही उशिराच उमगले. न्यूयॉर्कमध्ये हिल्डे ब्रुख ह्या, पुढे मानसतज्ज्ञ झालेल्या, डॉक्टरीण बाईंनी १९४० साली स्थूल मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ग्रंथींचा विकार शोधणाऱ्या समव्यवसायींचे लक्ष जेवणाच्या टेबलाकडे वळविले. मात्र सगळा ठपका आईवर ठेवण्याची एक वाईट खोडही त्या काळी लागली, ती अद्याप पुरती सुटलेली नाही. अमेरिकेतच लेनर्ड एपस्टाइन ह्यांनी पुढे मुलाबरोबर आईबापांपैकी एकाच्याही सवयी बदलण्याचा प्रयोग केला, पदार्थांना रस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे रंग दिले, आणि दहा वर्षांनंतर, १९९० साली, पाहिले तेव्हा पालकासह ज्यांच्यावर उपचार झाले ती मुले इतरांहून चांगल्या स्थितीत आढळली. जामखेडच्या बायांना हे ऐकून नवल वाटले नसते.

आपल्याकडे हे काम करण्यास सर्वांत लायक मनुष्य होता तो जुना घरगुती डॉक्टर. दोन-तीन पिढ्यांची नाडी त्याच्या हाती असे. आजोबांना साखर आहे, वडिलांचा दाब वाढलेला आहे, आत्या स्थूल होती आणि चाळिशीतच गेली, ही वंशावळ त्याला कागदावर काढावी लागत नसे. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत असे डॉक्टर अजून आहेत, परंतु बाहेर वीस रोगी ताटकळत असताना मुलाच्या वजनाची गोष्ट काढायला त्यांना सवड नसते, आणि काढली तर ‘खोकल्यासाठी आणलं होतं, डॉक्टर भलतंच बोलायला लागले’ असा राग ओढवतो. तरीही ज्यांनी ही कला साधली आहे त्यांची रीत पाहण्यासारखी असते. मुलाला काट्यावर उभे केल्यावर ते आकडा मोठ्याने उच्चारीत नाहीत; दारामागच्या पट्टीशी त्याला पाठ टेकून उभे करतात, उंची लिहितात, तक्त्यावर ठिपका मांडतात, आणि तो तक्ता मुलाला न दाखविता आजीपुढे सरकवतात. ‘आजी, घरात वाढतं कोण?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मग कळते की ताट आजी वाढते, शीतपेयाची बाटली काका आणतो, जेवताना मोबाइल आई देते कारण त्यावाचून घास जात नाही, आणि वडील रात्री दहाला घरी येतात म्हणून सगळे घर दहाला जेवते. आजार एकाचा आणि वहिवाट पाच जणांची!

सल्लाही मग पाच जणांना द्यावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलाला बहुधा वजन उतरविण्याची गरजच नसते. वजन आहे तिथे थांबले आणि उंची वाढत गेली तरी काम भागते, आणि हे ऐकले की आजीच्या चेहऱ्यावरची अर्धी धास्ती उतरते. लेकराला उपाशी ठेवा, असे कोणी म्हणत नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक हे जे तिने आयुष्यभर रांधले तेच पुन्हा, परंतु सर्वांसाठी, एकाच वेळी, पडदा बंद ठेवून. मुलाला वेगळे ताट आणि भावाला वेगळे, हा अन्याय मूल विसरत नाही. गोड पेय घरातच येऊ नये, म्हणजे नाही म्हणण्याचा प्रसंग येत नाही. रोज तासभर धावपळ आणि वेळेवर झोप ह्यांना औषधाइतकीच किंमत द्यावी. दिवाळीचा फराळ दिवाळीत अवश्य खावा, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत खाऊ नये. आणि ‘ढोल्या’, ‘जाड्या’ ही जी लाडाची म्हणून खपविलेली नावे आहेत, ती त्याच दिवशी घराबाहेर काढावीत, कारण लाजविलेले मूल खाणे सोडत नाही, लपून खाऊ लागते.

सरकारनेही आपला वाटा उचलला आहे, निदान कागदावर. महाराष्ट्राने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून अरबटचरबट पदार्थ हद्दपार केले, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात व भोवतालच्या पन्नास मीटरांत अतिसाखरेच्या, अतिमिठाच्या आणि अतिस्निग्ध पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. एकावन्नाव्या मीटरवर गाडा लावण्याची चतुराई आपल्याकडे नवी नाही. त्याहून मोलाची तरतूद आहे ती २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाची, ज्यात पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, वस्तीत घरोघर फिरणारी आशाताई, आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती अशी रचना आखलेली आहे. त्याच वर्षी पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन मुले तपासतात. जामखेडला जे दोन माणसांच्या तळमळीने उभे राहिले, त्याचा सांगाडा महानगरपालिकेच्या हाती आयता आलेला आहे. परंतु शाळेत मोजलेला आकडा शाळेच्या वहीत राहिला आणि आजीपर्यंत पोहोचला नाही, तर मोर्लेचे कार्ड पुन्हा कपाटात गेले असेच म्हणावे लागेल.

म्हणून एक विनंती करतो, ती आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना जितकी, तितकीच वाचकांतल्या आजी-आजोबांनाही. लसीकरणाच्या राष्ट्रीय वेळापत्रकानुसार प्रत्येक मूल पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सुईसाठी दवाखान्यात यावयाचे असते. त्या तीन दिवशी वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी, ठिपका तक्त्यावर मांडून घ्यावा आणि तो कागद घरी आणावा. मधल्या काळात एक साधी दोरी पुरे आहे, तिने मुलाचा पोटाचा घेर घ्यावा, आणि तो त्याच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला तर दवाखान्यात मुलाला एकट्याला न पाठविता, ताट जो वाढतो त्याने बरोबर जावे.